अकरा मिनिटं वीस सेकंदांच्या पुढे

मी या सदरातले अनुभव गेली दोन वर्षं वाचतेय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा करमणूक म्हणूनच वाचते. बावीस वर्षं नर्सिंगमध्ये गेली, त्यातली चौदा लेबर रूममध्ये. तिथं काम करणाऱ्या बाईला भुताच्या गोष्टी काय कमी ऐकायला मिळतात? अमक्या कॉटवर कोणी बसलेलं दिसतं, पाळणा आपोआप हलतो... मी ड्युटीवर असताना पाळणा हलला तर तो पंख्याच्या वाऱ्यानं हलायचा. मी पंखा बंद करायचे, विषय संपायचा. असा माझा स्वभाव. आता जे लिहितेय त्यात बंद करायला पंखाच सापडत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

मी शहापूरला एका छोट्या ट्रेनिंग सेंटरमध्ये ट्यूटर आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या उपकेंद्रांच्या सिस्टर आमच्याकडे चार-चार दिवसांच्या बॅचला येतात. पूर्वी आम्ही तक्ते आणि कापडी बाहुली घेऊन शिकवायचो. आता कॉम्प्युटर आलेत. कमरेपासून मांड्यांपर्यंतचा रबरी पुतळा आहे, टेबलाला बोल्टनं घट्ट बसवलेला, आणि त्याची वायर लॅपटॉपला जोडलेली. शिकणारीनं बाळाचं डोकं किती जोरानं ओढलं ते स्क्रीनवर रेघेत दिसतं. जास्त ओढलं की रेघ लाल होते. मुली त्या पुतळ्याला 'अर्धीबाई' म्हणतात. "मॅडम, अर्धीबाईची वायर निघाली," असं रोज ऐकू येतं.

शिवाय प्रत्येक सिस्टरला घरी न्यायला एक टॅब मिळतो. त्यात आमचे व्हिडिओ. टॅबमध्ये सिम नाही, इंटरनेट नाही, आमच्या ॲपशिवाय दुसरं काही उघडत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे प्रत्येक जण मला हेच विचारतो.

व्हिडिओ आम्हीच बनवलेत. बाहेरचे मिळतात, पण त्यात चकाचक हॉस्पिटल आणि सहा माणसं मदतीला. आमच्या सिस्टरकडे एक टेबल, एक दिवा आणि एक मदतनीस बाई. म्हणून मी ठरवलं, आपल्याच टेबलावर, आपल्याच भाषेत करायचं. शूटिंग आणि एडिटिंग प्रशांतनं केलं. त्याचा वाशिंदला लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. सगळ्या व्हिडिओंत आवाज माझा आणि हात माझे. चेहरा कुठेच नाही. चेहरा दिसला की बघणारी चेहऱ्याकडेच बघत बसते, हातांकडे बघत नाही.

त्यातला सहावा व्हिडिओ बाळाचा खांदा अडकण्यावर आहे. डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या हाडामागे अडकून बसतो. फार थोडी मिनिटं हातात असतात. व्हिडिओत दोन उपाय दाखवलेत – आईच्या मांड्या पोटाकडे दुमडायच्या, आणि ओटीपोटाच्या हाडावर वरून दाब द्यायचा. लांबी अकरा मिनिटं वीस सेकंद.

तिसराही एक उपाय आहे. आईला उलटं करून हातागुडघ्यांवर घ्यायचं. तो पुस्तकात आहे, पण मी शिकले घरत सिस्टरकडून. माझी पहिली पोस्टिंग मुरबाड तालुक्यात होती, तिथं त्या माझ्या सिनियर. भिवंडीकडच्या, आगरी, आवाज खणखणीत. त्यांनी हा उपाय करताना मी दोनदा पाहिलं, दोन्ही बाळं आज कॉलेजात असतील. व्हिडिओत तो का नाही? कारण अर्धीबाईला हातही नाहीत आणि गुडघेही नाहीत. व्हिडिओ तपासणारे डॉक्टर म्हणाले होते, "दाखवता येत नसेल तर निदान तोंडी दोन ओळी टाका." मी हो म्हटलं. आवाज रेकॉर्ड करायला वाशिंदला गेले, त्या दिवशी स्टुडिओखालून तीन वेळा वराती गेल्या, रेकॉर्डिंग थांबत थांबत संध्याकाळ झाली, आणि त्या दोन ओळी राहून गेल्या. नंतर टाकू म्हटलं. नंतर ते राहिलंच. ही माझी चूक, आणि ती इथं सरळ लिहून टाकते.

आता रंजनाबद्दल. रंजना मेंगाळ टोकावड्याच्या पुढे एका उपकेंद्रात सिस्टर आहे. गावाचं नाव देत नाही. ती मूळची इगतपुरीकडची, ट्रेनिंगही तिकडेच झालेलं. आमच्या बॅचच्या वेळी तिचे सासरे आजारी होते, म्हणून ती आलीच नाही. एक दिवस येऊन ऑफिसातून फक्त टॅब घेऊन गेली. तेव्हा मी रजेवर होते. म्हणजे तिनं माझं एकही लेक्चर ऐकलेलं नव्हतं, अर्धीबाईला हात लावलेला नव्हता. तिच्याकडे होता तो फक्त टॅब.

दिवाळी होऊन गेली होती, भातझोडणी चालू होती. दुपारी चारच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी रंजना मेंगाळ. टॅब नेलेला ना मी... ती."

"बोल रंजना. काय झालं?"

"मॅडम, बाल वाचला."

आणि ती रडायला लागली. मी थांबले. लेबर रूममधून बाहेर आल्यावरचं रडणं मला ओळखू येतं, त्यात मध्ये बोलायचं नसतं. मग तिनं सांगितलं. दुसऱ्या खेपेची बाई होती, खळ्यावरूनच कळा देत आलेली. पुढे पाठवायला वेळच नव्हता. गाडीला फोन लावला, पण गाडी यायला पाऊण तास तरी लागणार होता. डोकं बाहेर आलं आणि परत आत खेचल्यासारखं झालं. खांदा अडकला होता.

"मी मांड्या दुमडल्या मॅडम. मदतनीस मावशीनं वरून दाब दिला. नाय झाला. परत केला, तरी नाय. बालाचा तोंड निला पडाया लागला. मंग मी तिला उलटी केली. हातागुडघ्यांवर. आणि तो निघाला, मॅडम. मागचा खांदा आधी आला. तोंडावर मास्क धरून पिशवीनं श्वास दिला, मंग रडला."

"शाबास," मी म्हटलं. माझेही डोळे भरले होते. "हातागुडघ्यांवर घ्यायचं कुणी शिकवलं तुला?"

"म्हंजे? तुमच्याच व्हिडिओत हाय की. सहाव्या."

मला वाटलं, घाईत काहीतरी बोलतेय. मी म्हटलं, "सहाव्यात दोनच उपाय आहेत, रंजना."

"नाय मॅडम. शेवटी हाय ना. त्या दुसऱ्या सिस्टर दाखवतात तो."

आमच्या व्हिडिओत दुसरी सिस्टर नाहीच. पण ती दमलेली होती, बाळंतीण अजून टेबलावर होती. मी म्हटलं, शनिवारी येते.

शनिवारी सकाळी स्कूटी काढली आणि किन्हवली, सरळगाव करत टोकावड्याच्या पुढे गेले. रस्ताभर डोक्यात हिशोब चालू होता. तिनं दुसऱ्या कुठल्या तरी फोनवर काहीतरी पाहिलं असेल. घरी कोणी सुईण असेल. ताणात माणूस दोन आठवणी एकमेकींत मिसळतो, हे मी स्वतः पाहिलंय. मी खरंच अगदी शांत होते.

आधी बाळ पाहिलं. चांगलं चार किलोच्या वरचं, दोन्ही हात व्यवस्थित हलवत होतं. मग आम्ही उपकेंद्रात बसलो आणि तिनं टॅब काढला. सहावा व्हिडिओ लावला. माझा आवाज, माझे हात, अर्धीबाई. अकरा मिनिटं वीस सेकंद झाली आणि स्क्रीन काळी झाली.

रंजनानं स्क्रीनवर बोट टेकवलं. पुन्हा मागे नेऊन शेवट लावला. पुन्हा काळी.

"मॅडम, पुसला का कोनी?"

"टॅब तुझ्याकडून कोणी नेला होता?"

"नाय. कपाटात असतो. चावी माझ्याकडं."

"पुढे काय होतं? नीट आठव."

ती थोडी घाबरलेली होती. मी खोटं पकडायला आलेय असं तिला वाटत असावं. मी म्हटलं, तू चांगलंच केलंस, मला फक्त समजून घ्यायचंय. तेव्हा ती बोलली.

"तुमचा संपला की जरासा काला झाला. मंग दुसरी खोली. पुतळा नव्हता, खरी बाई होती. हिरव्या रेक्झिनचा टेबल. तोंड नाय दिसला कोनाचा, हातच दिसत होते. त्या सिस्टरनी तिला उलटी केली."

"काही बोलल्या?"

"बोलल्या ना. तुमच्यासारखा नाय बोलत त्या, आमच्यासारखा बोलत होत्या. 'घाबरलीस त बाजूला व, हात धुव, मंग ये.' मी तसाच केला त्या दिवशी. खरंच हात धुतले मॅडम, दोन सेकंद. मंग परत टेबलाकडं आले."

मला त्या वेळी नेमकं काय वाटलं ते सांगता येत नाही. भीती नव्हती. कोणीतरी आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरात दाखवावी तसं काहीतरी. कारण हे वाक्य घरत सिस्टरचं होतं. शब्दन् शब्द. मला त्यांनी ते पहिल्याच महिन्यात ऐकवलं होतं, आणि मी ते वर्गात कधीच वापरलेलं नाही. त्या वेळी मला त्याचा अपमान वाटला होता.

मी विचारलं, "हात कसे होते?"

"जाडे. ग्लोव्ह मोठे झालेले त्यांना. उजव्या हाताचा हा बोट –" तिनं करंगळीच्या शेजारचं बोट धरून दाखवलं, "टोकाला रिकामा लोंबत होता. मला वाटला, आमच्यासारखेच चुकीच्या साइजचे ग्लोव्ह आलेत."

घरत सिस्टरचं उजव्या हाताचं ते बोट टोकाला तुटलेलं होतं. लहानपणी भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात सापडलं होतं. ग्लोव्ह घातला की टोक रिकामं राहायचं. त्या तीन वर्षांपूर्वी वारल्या. रंजना या नोकरीला लागली ती त्यानंतर, दुसऱ्या जिल्ह्यातून येऊन. मी तिला त्यांचं नावही सांगितलं नाही तेव्हा. म्हटलं, "ठीक आहे, टॅब मी घेऊन जाते." बस.

सोमवारी संध्याकाळी टॅब घेऊन वाशिंदला प्रशांतकडे गेले. तो लग्नाचा अल्बम लावत बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "ताई, फाइल बोलेल ना. माणूस चुकतो, फाइल नाय चुकत." त्यानं मूळ फाइल काढली. अकरा वीस. टॅबमधली काढली. अकरा वीस. दोन्हींचा साइज सारखा, शेवटच्या आकड्यापर्यंत. टॅबमध्ये दुसरी कुठली फाइल नव्हती, आणि पुसलेलंही काही सापडलं नाही.

"झालं तर मग," तो म्हणाला. "तिला भास झाला."

मलाही बरं वाटलं. मग तो सहज म्हणाला, रिपोर्ट बघू. आमचं ॲप नोंद ठेवतं – कोणता व्हिडिओ कधी उघडला आणि कितव्या मिनिटाला बंद केला. त्यावरून आम्हाला कळतं की सिस्टर शेवटपर्यंत बघतात की मध्येच सोडून देतात. आमची शनिवारची नोंद सोडली तर रंजनानं सहावा व्हिडिओ तीनदा पाहिला होता. पहिल्यांदा चार मिनिटांवर बंद केला. दुसऱ्यांदा अकरा वीसला. तिसऱ्यांदा, त्या बाळंतपणाच्या नऊ दिवस आधी, दुपारी... तेरा चाळीसला.

प्रशांतनं चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"असं नाय होऊ शकत," तो म्हणाला. "अकरा वीसच्या पुढं जागाच नाय त्याला."

त्यानं दीड तास खटपट केली. व्हिडिओ मध्येच थांबवून ठेवला, मागे-पुढे ओढला, टॅब मध्येच बंद करून परत चालू केला, घड्याळ बदललं. आकडा एकदाही अकरा वीसच्या पुढे गेला नाही. त्यानं मग ॲप बनवणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, काहीतरी बग असेल. कोणता, ते त्याला सांगता आलं नाही. पुढच्या काही दिवसांत बाकीचे सगळे टॅब मागवून त्यांचे रिपोर्ट आम्ही काढले. सगळे अकरा वीस किंवा त्याच्या आत. बॅचमधल्या सिस्टरना मी हळूच विचारलं, सहाव्याच्या शेवटी काय आहे गं? सगळ्या म्हणाल्या, काळा पडदा.

निघताना प्रशांत म्हणाला, "ताई, माझ्याकडून एक्स्पोर्ट चुकला असता ना, तर मी मान्य केलं असतं. मला मान्य करायला काहीतरी द्या तरी."

मग एकच शक्यता उरत होती – घरत सिस्टरचं कधीतरी कोणीतरी शूटिंग केलं असेल आणि ते कुठूनतरी आलं असेल. त्यांची मुलगी भिवंडीकडे असते. तिला फोन केला. काय विचारायचं, कसं विचारायचं, कळत नव्हतं. शेवटी सरळ सांगितलं सगळं.

"आईचा व्हिडिओ कुठला गो, मॅडम," ती म्हणाली. "लग्नात पण कॅमेरा आला की ती उठून जायची. बोट दिसतो म्हणून. आमच्याकडं तिचे फोटोच तीन-चार हायेत, त्यात पण हात पदराखाली."

मी म्हटलं, "तुम्हाला त्रास दिला, माफ करा."

"त्रास कसला. बाल कसा हाय?"

"छान आहे."

"आणि आई?"

"तीही छान आहे."

"मंग झाला," ती म्हणाली. तिला जणू बाकी काही विचारण्यासारखं वाटलंच नाही.

त्यानंतर मी एक काम केलं जे आधीच करायला हवं होतं. तिसरा उपाय शूट केला. आमच्या सेंटरमधल्या एका सिस्टरला कपड्यांनिशी टेबलावर हातागुडघ्यांवर घेतलं, बाळ म्हणून बाहुली धरली, हात माझे. सगळं पुस्तकाप्रमाणे. व्हिडिओ पक्का करण्याआधी रंजनाला शहापूरला बोलावलं आणि दाखवला. तिनं एकदा पाहिला, परत पाहिला.

"बरोबर हाय मॅडम. पण त्यात असा नव्हता."

"म्हणजे?"

"तुमचे दोनी हात बालाकडं हायेत. त्या सिस्टरचा उजवा हात बालाकडं होता आणि डावा आईच्या पाठीवर. कमरेच्या वर, असा सपाट. अख्खा वेळ. दाबत नव्हत्या, नुसता ठेवलेला."

पुस्तकात हे कुठेही नाही. मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, कारण मी ते पार विसरून गेले होते. ती बोलली आणि मुरबाडकडची ती दुपार माझ्यासमोर उभी राहिली – घरत सिस्टरचा डावा हात बाईच्या पाठीवर, आणि बाई किंचाळायची थांबलेली. मी तेव्हा त्यांना विचारलंही होतं, असा हात का ठेवता? त्या म्हणाल्या होत्या, "तिला मागचा काय दिसत नाय गो. कोनीतरी हाय, ह्या तिला कलला पायजे."

आम्ही तो भाग पुन्हा शूट केला. पाठीवर हात ठेवून. नवा व्हिडिओ आता तेरा मिनिटं पंचावन्न सेकंदांचा आहे. मी मुद्दाम तसा केलेला नाही, प्रशांतनंही नाही. तेरा चाळीसला काय येतं ते आम्ही दोघांनी पाहिलं. बाळ बाहेर येतं. याचा अर्थ काय लावायचा, मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. तेवढं काम दाखवायला साधारण तेवढीच मिनिटं लागत असतील, असं मी स्वतःला सांगते.

रंजनाला मी अजून घरत सिस्टरबद्दल सांगितलेलं नाही. तिच्या दृष्टीनं तो आमचाच एक व्हिडिओ होता, ऑफिसच्या काहीतरी गोंधळात पुसला गेलेला. तिला त्यात विशेष काही वाटत नाही. सांगावं की नाही, यावर माझं रोज वेगळं मत होतं.

नवा व्हिडिओ तपासायला त्याच डॉक्टरांकडे पाठवला. त्यांना आवडला. एकच शेरा आला मेलवर: 'पाठीवरचा हात चांगला आहे, पण हे कोणत्याही गाइडलाइनमध्ये वाचलेलं आठवत नाही. संदर्भ द्यावा.'

तो मेल येऊन आज तीन आठवडे झाले. मी रोज सेंटरला गेल्यावर तो मेल उघडते. त्यांना काय लिहू, मला अजून सुचलेलं नाही.